घरकुलात कोण राहते?

२०२५ च्या दिवाळीआधीची गोष्ट. आमच्या इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीला लागून, सोसायटीने बाग म्हणून राखलेला एक तुकडा आहे. नावाला बाग; प्रत्यक्षात एक बुचाचे झाड, दोन जास्वंदी, गवती चहाचे एक बेट आणि उरलेली माती. दर दिवाळीत मुले या मातीत किल्ला करतात. या खेपेस साल्हेर करायचे ठरले होते. त्याच वर्षीच्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले आणि त्यांतला साल्हेर आपल्या नाशिक जिल्ह्यातला, त्यामुळे मुलांच्या अंगात वारे भरले होते. आमची आठवीतली कन्या मात्र फुरंगटून घरी आली. तिला किल्ल्याच्या पलीकडे, बुचाच्या बुंध्याशी, परीचे घर करायचे होते. मोबाइलवर तिने तसली घरे पाहिली होती. झाडाच्या मुळाशी वीतभर उंचीचे दार, काटक्यांची शिडी, शेवाळाचे अंगण, आत मिणमिणता दिवा. अमेरिकेतल्या मेन राज्यात मॉन्हेगन नावाच्या बेटावर मुले जंगलात अशी घरे करून ठेवतात, हेही तिला ठाऊक होते.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. घरातल्या साध्या प्रश्नालाही तासाचे रूप देण्याची खोड दोघांनाही आहे, आणि एकाने सुरुवात केली की दुसऱ्याने पुरवणी जोडायची, हा संसाराचा शिरस्ता. आम्ही तिला सांगितले की परी हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याचे मूळ शोधत अवेस्तापर्यंत गेले तर तिथली पइरिका ही चक्क उपद्रवी शक्ती निघते. इंग्रजीतली फेअरी आली लॅटिनमधल्या 'फाता'वरून, म्हणजे नियतीच्या देवतांवरून. दोन्ही शब्द सख्ख्या बहिणींसारखे दिसतात, पण त्यांचे नाते नाही. शिवाय इंग्लंडातल्या कॉटिंग्ले गावी १९१७ साली दोन मुलींनी पऱ्यांची छायाचित्रे काढली, ती खरी मानून आर्थर कॉनन डॉइल यांच्यासारख्या लेखकाने १९२२ मध्ये पुस्तक लिहिले, आणि त्या पऱ्या कागदातून कातरलेल्या होत्या ही कबुली त्या मुलींनी म्हातारपणी, १९८३ साली दिली. तात्पर्य, मराठी बागेत परी राहत नाही.

कन्येने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग आपल्या बागेत कोण राहतं?"

प्रश्न सोपा होता. उत्तर येईना. आम्ही आपापल्या स्मरणाची कपाटे उघडू लागलो. बालकवींची फुलराणी? ती स्वतःच फूल. सूर्यकिरणाशी तिचे लग्न लागते, पण तिला राहायला घर कुणी बांधत नाही. बहिणाबाईंच्या सुगरणीचा खोपा? तो पाखराने आपल्या पिलांसाठी विणलेला. त्यात आपण काय करणार? तुळशीवृंदावन हे एका झाडाचे घर खरे, पण ते देवघराचेच अंगणातले दालन. आणि किल्ल्याचे म्हणाल तर त्यावर महाराज सिंहासनावर बसतात, मावळे पायऱ्यांवर उभे राहतात, हळिवाची हिरवळ उगवते. परंतु तिथे रात्री झोपते कोण, चूल पेटवते कोण, हा प्रश्न आम्ही लहानपणीही विचारला नव्हता.

तेवढ्यात आई बोलल्या. इथे व्याकरणाची एक अडचण सांगितली पाहिजे. आमच्यातला एक त्यांना 'अगं आई' म्हणतो आणि दुसरी 'अहो आई'. दोघांनी मिळून लिहायचे तर एकवचन वापरावे की आदरार्थी बहुवचन, यावर मतैक्य झाले नाही. म्हणून सुनेची बाजू वरचढ ठरली आहे. तर आई गॅलरीतल्या खुर्चीतून म्हणाल्या, "आसरा राहतात. पाण्यापाशी." त्यांची नजर टाकीकडे होती.

साती आसरा. विहिरीच्या काठी, नदीच्या डोहापाशी शेंदूर लावलेले सात दगड ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना अधिक सांगायला नको. आसरा म्हणजे अप्सराच. संस्कृत काव्यातली स्वर्गसुंदरी गावच्या विहिरीवर येईपर्यंत दगड झाली, की विहिरीवरची जुनी जलदेवताच काव्यात जाऊन सुंदरी झाली, हा वाद विद्वानांनी करावा. दा. ध. कोसंबी यांनी १९६२ च्या 'मिथ अँड रिॲलिटी' या ग्रंथात महाराष्ट्रातल्या असल्या मातृदेवतांच्या ठाण्यांचा पायी हिंडून मागोवा घेतला आहे. या बायका इंग्रजी बागेतल्या परीसारख्या गोड नाहीत. त्यांचा मान राखावा लागतो, ओटी भरावी लागते. लेकुरवाळ्या बायका त्यांना भिऊन असत.

"मग टाकीपाशी आसरांचं घर करू," कन्या म्हणाली.

"त्यांना घर नाही लागत," आई म्हणाल्या. "घर माणसाला लागतं. तू आपला वाडा कर."

आम्ही दोघेही गप्प झालो.

वाडा जुन्या नाशकात, सराफ बाजाराच्या अंगाला, नदीकडे उतरत जाणाऱ्या बोळात होता. काळ्या दगडाचा चौथरा, त्यावर विटा, सागाचे खांब, दिंडी दरवाजा, आत चौक, ओटी, माजघर, अंधारी देवघराची खोली. आई लग्न होऊन तिथे आल्या आणि त्यांनी तिथे पन्नासच्या वर वर्षे काढली. २०१६ साली तो पाडायला दिला गेला. कुणी फसवले नाही, कुणी जबरदस्ती केली नाही. वासे किडले होते, पावसात एक भिंत फुगली होती, आणि कागदावर सही करा म्हणून आईंना समजावणारे आम्हीच होतो. दोन रविवार आम्ही त्यांच्यासमोर बसून सगळे मुद्दे मांडले. निबंध तपासताना आम्ही ज्याला सुसूत्र मांडणी म्हणतो, तशी. त्यांनी एकच विचारले होते, "तुळस कुठे जाईल?" आम्ही म्हणालो, गॅलरीत. नव्या इमारतीत त्यांना चौथ्या मजल्यावर घर मिळाले. तिथे त्या एकट्या राहू शकल्या नाहीत आणि आमच्याकडे आल्या. तुळस गॅलरीत आहे. अलीकडे आईंना सकाळी काय जेवलो ते संध्याकाळी आठवत नाही.

असो. वाडा करायचा ठरला. कन्येला परीच्या घराची हौस होती, पण आजीचा शब्द तिला मोडवेना. शिवाय दार वीतभरच असणार होते, तेव्हा तिच्या लेखी फरक थोडाच होता.

साहित्य जमवणे हा या कामातला सर्वांत आनंदाचा भाग. मॉन्हेगनच्या मुलांप्रमाणे पडलेले, गळलेले तेवढेच घ्यायचे, असा कन्येने नियम घातला. बुचाची जाड, भेगाळ साल हाताने सुटते. तिचे तुकडे केले की जुन्या विटांचा भास होतो. खांबांचा प्रश्न नाशिकनेच सोडवला. द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी याच दिवसांत चालते. दिंडोरीकडच्या एका सहकाऱ्याने छाटलेल्या काड्यांचा भाराच आणून दिला. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, पेरापेराशी किंचित फुगलेल्या त्या काड्या उभ्या केल्या की सुताराने घडवलेल्या खांबांसारख्या दिसतात. गुलमोहोराच्या वाळक्या शेंगांच्या तुळया झाल्या. चौकातल्या फरशीसाठी चिंचोके. नळीच्या कौलांसाठी पिस्त्याची टरफले; ती पुरी पडावीत म्हणून आमच्या घरी त्या महिन्यात पिस्त्याचा जो खप झाला त्याचा हिशेब न मांडलेला बरा. पोयट्याची माती, तूस आणि थोडे शेण कालवून भिंती उभ्या केल्या. प्रमाण ठरवले एका फुटाला अर्धा इंच. म्हणजे ४० फुटी दर्शनी बाजू २० इंचांत मावली.

अडले ते पायऱ्यांपाशी. रस्त्यावरून दिंडीपर्यंत पायऱ्या किती? ज्याचे बालपण त्या वाड्यात गेले तो म्हणाला पाच. जी लग्नानंतर तिथे दहा वर्षे राहिली ती म्हणाली सात. माप ओलांडायला चढताना मोजल्या होत्या, असा तिचा दावा. छायाचित्रे काढली. प्रत्येकात कुणी ना कुणी पायऱ्यांवर बसलेले, कडेवर मूल, हातात ताट. पायरी कुठेच मोजता येईना. ज्या घरावर आम्ही हळहळत होतो, त्याच्या पायऱ्या आम्हाला ठाऊक नव्हत्या.

आईंना विचारले. त्या जराही थांबल्या नाहीत. "सहा. एकोणसत्तरच्या पुरात चार बुडाल्या, दोन राहिल्या."

१९६९ चा गोदावरीचा पूर जुन्या नाशिककरांच्या बोलण्यात अजून येतो. पाणी किती चढले हे रामकुंडापाशी दुतोंड्या मारुतीच्या अंगावरून सांगण्याची इथली रीत. आईंच्या घरात ते पायऱ्यांवर मोजले गेले होते. त्यानंतर रोज संध्याकाळी त्या गॅलरीतून सूचना देऊ लागल्या. ओटीवर डावीकडे खुंटी, तिच्यावर कंदील. माजघराच्या भिंतीत तीन कोनाडे, मधला रिकामा ठेवायचा. का रिकामा, हे मात्र सांगितले नाही. सकाळचे जेवण विसरणारे मन वाड्यात दिवा घेऊन हिंडत होते.

आणि तरीही, भिंती सुकल्या, कौले चढली, आणि आम्ही चार पावले मागे जाऊन पाहिले तेव्हा काहीतरी चुकले असे वाटले. सगळे मापात होते. पण कचेरीच्या दालनात काचेखाली ठेवतात तसला नमुना झाला होता तो. शेजारचा साल्हेर ओबडधोबड, एका बाजूला कललेला, महाराजांपेक्षा मावळा उंच. तरी तो जिवंत होता.

वाचलेले ग्रंथ अशा वेळी छळतात. सुझन स्टुअर्ट यांनी 'ऑन लाँगिंग' या १९८४ च्या पुस्तकात लघुरूपाची चिकित्सा केली आहे. त्यांचे म्हणणे आमच्या शब्दांत असे: लघुरूप हे बाहेरून पाहायचे, बंद आणि पूर्ण जग असते; त्यातला काळ थांबलेला असतो आणि पाहणाऱ्याची त्यावर सत्ता चालते; गतकाळाची ओढ तिथे आपले समाधान शोधते. पदव्युत्तर वर्गात हे सांगताना आम्ही बाहुलीघराचे उदाहरण देतो. आता उदाहरण आमच्या पुढ्यात होते. जो वाडा आम्ही पाडायला दिला, तोच आता २० इंचांचा, न गळणारा, न फुगणारा, दुरुस्तीचा खर्च न मागणारा, आम्ही परत मिळवला होता. ही आईंची सोबत होती की आमच्या मनाची स्वस्तातली समजूत, हे आम्हाला खात्रीने सांगता येईना.

त्याच आठवड्यात एका कामासाठी सिन्नरला जाणे झाले. परतताना गोंदेश्वराच्या देवळात थांबलो. यादवकालीन, भूमिज शैलीचे हे मंदिर पूर्वी अनेकदा पाहिले होते. विद्यार्थ्यांच्या सहलीही नेल्या होत्या. या वेळी नजर शिखरावर खिळली. ते शिखर लहान लहान शिखरांचेच बनलेले आहे. बारक्या खांबांवर उभी असलेली इवली देवळे, एकीवर एक ओळ, वर वर चढत गेलेली. म्हणजे देवाचे घर देवाच्या घरकुलांतूनच रचलेले. जॉन समरसन या इंग्रज वास्तु-इतिहासकाराने १९४९ मध्ये 'हेवन्ली मॅन्शन्स' या निबंधात युरोपातल्या गॉथिक वास्तूंबद्दल असेच काहीसे म्हटले आहे. मूल टेबलाखाली शिरून घर-घर खेळते, तिथून त्याने सुरुवात केली आणि 'एडिक्यूल', म्हणजे इवलेसे घर, हा त्या वास्तुकलेचा गाभा मानला. हे खरे असेल तर आमचा क्रम उलटा होता. आम्ही समजत होतो की घर आधी, आणि त्याची छोटी नक्कल मागाहून. गोंदेश्वर सांगत होता की घरकुल आधी. खाटेखाली चादर लावून बसलेले मूल कुणाच्या घराची नक्कल करत नसते. ते घर म्हणजे काय, हे पहिल्यांदा शोधत असते.

गाडीत आमच्यातल्या दुसरीला आजोळ आठवले. साताऱ्याकडच्या तिच्या आजोळी बलिप्रतिपदेला दारापुढे शेणाचे पांडव मांडत. पाच पांडव, गवळणी, त्यांचा गोठा, शेणाचेच जाते, उखळ, चूल, ताकाचा डेरा. वर झेंडूची फुले आणि लव्हाळ्याचे तुरे. आजी ते करताना एखाद्या पाहुण्याच्या उतरण्याची तयारी करावी तशी लगबग करी: चूल झाली, आता पाणी तापवायला हंडा नको का? पुढे ते सारे वाळले की त्याच्या गोवऱ्या होत. कुणी हळहळत नसे. पुढच्या वर्षी पांडव पुन्हा येणारच होते.

पांडवांना घर देण्याची आपल्या लोकांची ही हौस जुनीच. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरात बौद्ध भिक्षूंसाठी २४ लेणी कोरली गेली. भिक्षू गेले, त्यांच्या कोठड्या ओस पडल्या, कोरीव लेखांची लिपी लोक विसरले. पण रिकामे घर पाहवेना, म्हणून लोकांनी तिथे पांडव आणून ठेवले आणि नाव पडले पांडवलेणी. इतिहासाच्या दृष्टीने ही चूक. पण तिच्या मुळाशी जो प्रश्न आहे, तो कन्येच्या प्रश्नाहून वेगळा नव्हे. घर दिसले की मन विचारते, इथे राहते कोण?

आमच्या वाड्यातली उणीव तीच होती. त्यात राहणारे कुणी आम्ही कल्पिलेच नव्हते. आम्ही आठवण बांधली होती आणि आठवणीला स्वयंपाकघर लागत नाही. किल्ला महाराजांसाठी, शेणाचे गोकुळ पांडवांसाठी, मॉन्हेगनची काटक्यांची घरे न दिसणाऱ्या कुणासाठी. ही सारी घरकुले म्हणजे आवतणे असतात. ज्याला बोलवायचे तो येईल न येईल, जागा आधी करून ठेवायची. आम्ही केलेल्या वाड्याची दिंडी तर चक्क डिंकाने चिकटवलेली होती. बिजागरी जमेना, म्हणून.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आईंना धरून खाली आणले. बागेत खुर्ची टाकली. त्या बराच वेळ वाड्याकडे पाहत राहिल्या. रडतील, असे आम्हाला वाटले होते. खरे सांगायचे तर त्यासाठी आम्ही मनाची तयारीही करून ठेवली होती. त्या म्हणाल्या, "तिन्हीसांजेला दिंडी लावून घेतली आहे का कुणी? लक्ष्मी कुठून येणार?"

कन्येने वर पळत जाऊन कातर आणली आणि चिकटवलेले दार सोडवले. ते नीट उघडेना, म्हणून एका बाजूने टेकवून ठेवले. आत माजघरात बोटाच्या पेराएवढी पणती ठेवली. मग आईंनी खाली वाकून, चुकतमाकत, दिंडीबाहेर तुळशीची एक मंजिरी मातीत खोवली. पालथ्या पणतीचे वृंदावन आम्ही चौकात केले होते. ते त्यांना मान्य नसावे, किंवा आठवले नसावे. आम्ही दुरुस्ती केली नाही. कन्या मैत्रिणींना सांगत होती की हे परीचे घर आहे, पण परी नऊवारी नेसते. तेही आम्ही दुरुस्त केले नाही; पइरिकेपासून इथपर्यंत त्या बाईने बरीच मजल मारली होती.

दिवाळी सरता सरता अवकाळी पाऊस झाला. द्राक्षवाल्यांच्या तोंडचे पाणी पळवणारा हा पाऊस. त्यापुढे आमच्या नुकसानीचे ते काय? सकाळी पाहिले तर साल्हेर खचला होता, वाड्याची पश्चिमेची भिंत विरघळली होती, पिस्त्याची कौले अंगणभर पसरली होती. पुन्हा लिंपू की राहू देऊ, असा आमच्यात थोडा वाद झाला. एकाचे म्हणणे, इतक्या कष्टाचे आहे, निदान गॅलरीत आडोशाला आणू. दुसरीचे म्हणणे, पांडवांच्या गोवऱ्या झालेल्या तिने पाहिल्या आहेत. शेवटी काहीच ठरले नाही, आणि न ठरवणे म्हणजे पावसावर सोपवणे, हे दोघांनाही कळत होते.

आईंना सांगावे की नाही, याची चर्चा चालू असतानाच त्यांनी गॅलरीतून खाली पाहिले होते. "किती पायऱ्या बुडाल्या?" त्यांनी विचारले.

कन्या खाली वाकून मोजून आली. "दोन, आजी. चार राहिल्या."

"मग काही नाही," आई म्हणाल्या आणि चहा मागितला.